अष्टमीची भरती

डोंबिवली (पूर्व),
जून १९९४

प्रिय सहदेव,

वर 'प्रिय' लिहिलंय ते तूर्त पत्राची रीत म्हणून घे. त्यात रीतीपलीकडे काही आहे का, ते हे पत्र संपेपर्यंत माझं मलाच कळेल. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, आणि ते तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावरही पाठवत नाही, कारण तिथल्या ऑफिसातल्या लोकांचा मला भरवसा वाटत नाही. आमच्या इथल्या पोस्टातही टाकणार नाही. तिथे आमच्या शेजारच्या गंगुबाईंचा जावई कामाला आहे, आणि गंगुबाईंच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळच्या आत पाण्याच्या टाकीपर्यंत पोचते. कल्याणला पेपरतपासणीला जाते आहे, तिकडेच टाकीन. हसू नकोस. दुधाचा थेंब नखावर धरल्याशिवाय दूधवाल्याला सोडत नाही, चहाची पावडर ओल्या टीपकागदावर टाकून रंग बघते, परीक्षेत वर्गाच्या मागे उभी राहून नुसत्या मानांवरून कॉपी करणारा ओळखते. पोरं मला मागून 'सीआयडी बाई' म्हणायची. तू एकटाच तोंडावर म्हणालास, आणि का कोण जाणे, मला राग आला नव्हता.

बातमी अशी की आपले प्राचार्य निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेसाठी आलेल्या अर्जांत तुझा अर्ज आहे, हे मला तुझ्याआधी नाही तरी तुझ्या खालोखाल कळलं असेल. संस्थेने कधी नव्हे ते निवड समितीवर एक प्राध्यापक घ्यायचं ठरवलं आणि सेवाज्येष्ठतेने ते माझ्या गळ्यात पडलं. तुझं नाव वाचलं आणि माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. चांगला ठाण्यात, घराजवळ बसलेला माणूस परत इकडे कशाला येतोय? ज्या स्टाफरूममध्ये तुझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं, तिथे साहेब होऊन बसायचंय? धोंडिबा सरांचं तेच मत पडलं. मी मुलाखतीत तुला विचारायचा एकच प्रश्न मनाशी पक्का करून ठेवला: सर, अष्टमीला भरती किती वाजता येते? सगळ्या समितीसमोर विचारणार होते आणि तुझा चेहरा बघणार होते. तुझ्यावर शिक्का मारायला मला तेवढं पुरलं असतं.

तुला आठवतं का, सुरुवातीला आपण त्या स्पर्धेला किती हसलो होतो? टीव्हीवर प्राध्यापकांची प्रश्नमंजूषा, कॉलेज विरुद्ध कॉलेज, म्हणजे पोरांना आयती करमणूक. तू इतिहासाचा, मी रसायनाची, धोंडिबा सर गणिताचे. पहिल्याच सामन्यात धोंडिबा सरांना विचारलं, वर्तुळाचे अंश किती, तर ते म्हणाले, 'याचं उत्तर देण्याआधी प्रश्न नीट समजून घेऊ,' आणि वेळ संपली. तेव्हापासून तू कप्तान आणि बटण तुझ्यासमोर, असं ठरलं. एका टेबलाला एकच बटण, आणि तुझ्याएवढा झटपट हात कुणाचाच नव्हता. सामन्यामागून सामने जिंकत गेलो तसे आपण कॉलेज सुटल्यावर स्टाफरूममध्ये थांबून सराव करू लागलो. तू मधूनमधून तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे बांधायचास, तुमच्या घरच्या जाळ्याच्या दोऱ्याने. ती तुझी गाठ! आपला शिपाई नामा तिच्याशी झटापट करून शेवटी ब्लेड आणायचा आणि म्हणायचा, 'नाखवा सर, पेपर बांधलेत का पापलेट?' मी ती गाठ सोडवायला शिकायचं ठरवलं होतं. तू शिकवायला लागलास की माझं लक्ष गाठीवर राहत नसे, हे आता सांगायला हरकत नाही.

अंतिम सामन्याच्या चित्रीकरणाला आपण टॅक्सीने गेलो. पुढे धोंडिबा सर डोळे मिटून पाढे म्हणत होते. तू मागे माझ्याकडे न बघता म्हणालास, 'निकाल काही लागू दे मालन, टीव्हीवर दाखवून झालं की तुला एक गोष्ट विचारायचीय. आमच्या घरी, आयसमोर.' मी खिडकीबाहेर बघत बरं म्हटलं. कोणती गोष्ट, असं विचारलं नाही. एरवी सगळ्याचा छडा लावणाऱ्या बाईने तेवढं एक विचारलं नाही, म्हणजे तिला ते आधीच माहीत होतं, एवढं तुझ्यासारख्याला कळायला हवं होतं. मग कँटीनमध्ये तू समोरच्या संघाच्या श्रीपाद सरांशी कोपऱ्यात बोलताना दिसलास. ठाण्याच्या कॉलेजचे ते भूगोलवाले, उंच, पांढऱ्या सफारीतले. मला बघून दोघेही गप्प झालात. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही, पण विसरलेही नाही.

सामना बरोबरीत गेला. शेवटचा प्रश्न, जो आधी बटण दाबेल त्याचा. निवेदकाने कार्ड उचललं: 'आज अष्टमी आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरून भरतीला होडी सोडायची आहे. घड्याळ आहे, पण भरतीचं वेळापत्रक हाताशी नाही. पूर्ण भरती सुमारे किती वाजता असेल आणि ते कसं काढाल?' मी मनात म्हटलं, जिंकलो! कोळीवाड्यातल्या माणसाला भरतीचा प्रश्न म्हणजे माशाला पोहणं विचारण्यासारखं. मी निवेदकाकडे बघत तुझ्या घंटीची वाट बघत राहिले. घंटी वाजली ती पलीकडची. श्रीपाद सर म्हणाले, तिथीची पाऊणपट, आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहा वाजता. टाळ्या पडल्या. आदल्या फेरीत आपलं बटण एकदा अडकलं होतं, तारा हलवून ते नीट केलं होतं. मी समजले की ते पुन्हा अडकलं. तिथल्या माणसांशी मी केवढी भांडले! तू माझा पदर ओढून म्हणालास, 'जाऊ दे मालन, राहू दे.' मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे.

निकाल टीव्हीवर दिसेपर्यंत बाहेर फोडायचा नाही अशी आपल्याला ताकीद होती, आणि तू ती आयलासुद्धा लागू केलीस. म्हणून सामना टीव्हीवर दाखवला त्या रविवारी तुमच्या घरासमोर जे काही मांडलं होतं ते बघून मला आल्या पावली परतावंसं वाटलं. ओट्यावर टीव्ही, समोर अख्खी गल्ली, बायका सणासारख्या नटलेल्या, टोपलीत झाकून ठेवलेला हार. आयने माझा हात धरून मला आपल्या शेजारी बसवलं आणि कुणीतरी विचारलं तर म्हणाली, 'कालिजातली बाय हाय, सहदेवची.' त्या शेवटच्या शब्दावर बायका हसल्या आणि मी लाजून टीव्हीकडे बघू लागले. तो प्रश्न आला आणि निवेदकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळी गल्ली ओरडली, 'सहा!' म्हातारे, पोरंसोरं, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, सगळे. आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याने तुला जवळून दाखवलं. तुझे ओठ हलले, 'सहा' म्हणाले. तुझं बोट बटणावर होतं. ते तू उचललंस, हात मागे घेतलास आणि मांडीवर ठेवलास.

स्टुडिओत तुझ्या शेजारी बसून मला जे दिसलं नाही ते टीव्हीने दाखवलं. बटण अडकलं नव्हतं, तू दाबलं नव्हतंस. तुझे गोमाजी मामा खुर्ची सरकवून निघून गेले. आय तुझ्याकडे बघत म्हणाली, 'अरं, माझे पोराला भरती ठाव नाय? शाला शिकून पानी इसरला काय रं?' तू उठलास आणि टीव्ही बंद केलास. तिने आमच्यासाठी केलेली कोलंबी तशीच झाकून राहिली, आणि मी डोकं दुखतंय म्हणून न जेवता उठले. तू स्टेशनपर्यंत सोडायला येतो म्हणालास, मी नको म्हटलं. ज्या गोष्टीसाठी मला बोलावलं होतंस ती गोष्ट तिथेच राहिली.

पुढचं मी एखाद्या फौजदारासारखं जुळवत गेले. कँटीनमधलं कुजबुजणं, मागे घेतलेला हात, मग नवीन वर्ष सुरू होताना तू ठाण्याला गेलास, आणि गेलास तो नेमका श्रीपाद सरांच्याच कॉलेजात! याहून स्वच्छ पुरावा कुठल्या खटल्यात मिळतो? नोकरीसाठी सामना सोडला, असं स्टाफरूममध्ये प्रथम कोण बोललं ते मला माहीत नाही, पण मी ते खोडलं नाही. जायच्या आधी तू एकदा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला होतास. मी टायट्रेशन करत होते. ब्युरेटवरची नजर मी उचलली नाही, थेंब मोजत राहिले, रंग केव्हाच बदलून गेला होता तरी. तू गेल्यावर ते सगळं बेसिनमध्ये ओतलं आणि आत जाऊन रडले. एवढी मी कुणासाठी रडले नाही सहदेव, वडिलांसाठीसुद्धा नाही. नंतर आईने स्थळं आणली. प्रत्येकात मला काहीतरी काळंबेरं दिसत गेलं. शेवटी आईच म्हणाली, 'तुला ब्रह्मदेवाचा सुद्धा दाखला लागेल.'

आणि आता ऐक, हे सगळं कशाने हललं. कल्याणच्या तपासणी केंद्रावर आमच्या टेबलाला मॉडरेटर म्हणून शिवराम सर आले होते. निवृत्त संस्कृतवाले, कानात केस, दर अर्ध्या तासाने चहा. त्यांनी मला निरखून बघितलं आणि म्हणाले, 'तुम्ही त्या टीव्हीवरच्या ना? तुमचा तो कॅप्टन! असा परीक्षक पुन्हा व्हायचा नाही हो.' मी कपाळाला आठी घालणार तेवढ्यात तो शब्द कानाला खटकला. खेळाडू नाही, विद्वान नाही, परीक्षक? हरलेल्या संघाच्या कप्तानाला कुणी परीक्षक कशाला म्हणेल? मी त्यांचा चहा माझ्याकडे ओढून घेतला आणि म्हटलं, सर, आता सांगितल्याशिवाय हा मिळणार नाही. ते आधी गडबडले, मग म्हणाले की त्या कार्यक्रमाचे प्रश्न एकत्र करायचं काम तेव्हा त्यांच्याकडे होतं. पहिल्या वर्षी, आपलं कॉलेज स्पर्धेत उतरायच्याही आधी, त्यांनी जिल्ह्यातल्या बऱ्याच प्राध्यापकांना प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. आलेल्या प्रश्नांवरची नावं ते काढून टाकायचे, म्हणजे कुणाचे कुठले ते कळू नये. त्यातले उरलेले पुढच्या वर्षी वापरले गेले.

मी सरळ विचारलं, भरतीचा प्रश्न कुणी पाठवला होता? तर सर ताठ झाले. म्हणाले, 'बाई, पेपर काढणाऱ्याचं नाव मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.' बघ, तुझ्याच जातकुळीतला माणूस. मी चहा पुढे केला. दोन घोट घेतल्यावर म्हणाले, 'नाव नाही सांगणार. एवढंच आठवतं की ते पाकीट प्लास्टिकात गुंडाळून जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेलं होतं, आणि त्याची गाठ आमच्या घरात कुणालाही सुटेना. शेवटी ब्लेडने कापली.' मला आपला नामा आणि त्याचं ब्लेड आठवलं. सर पुढे सांगत राहिले की तो सामना त्यांनी घरी बघितला, कप्तानाने हात मागे घेतलेला बघितला, आणि तो का घेतला हे कळणारा आपण एकटाच, म्हणून त्यांना फार एकटं वाटलं. माझ्यापुढच्या पेपरात त्या दिवशी कुणाला किती मार्क पडले देव जाणे, दुसऱ्या दिवशी सगळे परत तपासले.

तेव्हापासून मी विचार करते आहे आणि माझा नुसता संताप संताप होतो. तुझ्यासमोर तुझाच प्रश्न आला, तुझ्याच शब्दांत. ज्याने पेपर काढला त्याने तो सोडवायचा नाही, हा आपला नियम. आणि पेपर कुणी काढला हे काढणाऱ्याने कधी बोलायचं नाही, हाही आपलाच नियम. अरे, पण तो विद्यापीठाचा पेपर होता का? तो टीव्हीवरचा खेळ होता! हात वर करून 'हा प्रश्न बदला' एवढं म्हणाला असतास तर काय आभाळ कोसळणार होतं? ते नाही. मग गुपित फुटलं असतं ना! असलं खुळं शहाणपण फक्त मास्तरच्या डोक्यात येऊ शकतं. कोळी असतास नुसता, तर 'सहा' म्हणून मोकळा झाला असतास. ठाण्याला तू सौदा म्हणून गेलास की सामना दाखवल्यावर आम्ही तुझा चहासुद्धा वेगळा टाकला म्हणून गेलास, ते आता मी वेगळ्या नजरेने बघते आहे. श्रीपाद सरांशी काय बोलत होतास ते मात्र मला अजून हवं आहे. सगळा संशय गेलाय असं समजू नकोस. पहिल्या वर्षाच्या पोराला मी बजावते की रंग दिसला, वास आला, तरी शेवटची खात्रीची चाचणी केल्याशिवाय क्षार कोणता ते लिहू नये. तुझ्या बाबतीत ती चाचणी मी केलीच नाही, आणि तूही परीक्षानळीसारखा गप्प उभा राहिलास. म्हणून ती आता करते आहे. तो प्रश्न तुझा होता ना? हो किंवा नाही, एवढंच सांग.

आणि आणखी एक. आयला तू हे सांगितलेलं नाहीस, याची मला पैजेवर खात्री आहे. मागे मार्केटमध्ये ती मला दिसली होती. मी वळून दुसरीकडे जाणार तेवढ्यात तिने हाक मारली, माझ्या पिशवीत जबरदस्तीने टोपलीतले दोन बोईट मासे घातले आणि म्हणाली, 'त्याचा राग नको धरू, बाय. लय शिकला न् पानी इसरला, काय करतं?' आपल्या पोराला भरती येत नाही, हे ओझं ती म्हातारी इतकी वर्षं वागवते आहे, आणि तू तुझा नियम सांभाळत बसला आहेस. माझ्याकडे नंतर बघ. आधी घरी जा, तिच्याजवळ बस आणि तिला सांग की तिचा मुलगा पाणी विसरला नव्हता. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर गल्ली जमवून सांगेन.

आता हे पत्र कशासाठी, ते. काल निवड समितीची पहिली बैठक झाली. सेक्रेटरींनी रीतसर विचारलं, उमेदवारांपैकी कुणी आपल्यापैकी कुणाच्या जवळचं आहे का, असल्यास त्यांनी बाजूला व्हावं. सगळ्यांनी नकाराच्या माना हलवल्या. माझ्यापर्यंत आले तेव्हा माझा हात टेबलावर होता. तो मी उचलला, मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. म्हटलं, मला समितीतून मोकळं करा, नाखवा माझ्या जवळचे आहेत. धोंडिबा सर आमंत्रित म्हणून बसले होते, त्यांच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली. सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघत विचारलं, 'नातं काय लिहू?' मी म्हटलं, ती जागा तूर्त मोकळी ठेवा, विचारून सांगते. तेव्हा निवड होवो न होवो, ते तुझं तू बघ, त्यात माझा हात आता नाही. येत्या अष्टमीला मी संध्याकाळी सहाला तुमच्या ओट्यावर येते आहे. आयला कोलंबी करायला सांग, या वेळी जेवल्याशिवाय उठणार नाही. टॅक्सीत विचारायची म्हणालेली गोष्ट तेव्हा विचार. घाबरू नकोस, तुझा कुठलाही नियम मोडत नाही. या खेपेला प्रश्न तू काढलेला आहेस, आणि उत्तर मला द्यायचं आहे.

तुझीच (शहानिशा करून लिहिलेलं),
मालन